जुन्या मोटारीची तेलगळती व तिचा घरगुती उपाय

आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं अथवा शेजारीं एखादी जुनी मोटार असेल. ती जेथें उभी राहते त्या फरशीवर रुपयाएवढे काळे डाग पडलेले दिसतात, आणि घरांतील मंडळी त्यांकडे पाहून "गाडी जुनी झाली, आतां हें चालायचेंच" असें म्हणून मोकळी होतात. हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. गाडी जुनी झाली म्हणजे तेल गळूं लागतें हें खरें. परंतु तें गळूं द्यावयाचेंच, हें खरें नव्हे. गळती कोठून होते हें शांतपणें शोधल्यास पुष्कळशा गळत्या चार पाने व एक नवें पॅकिंग एवढ्या साहित्यानें घरच्या घरीं बंद होतात. आणि ज्या होण्यासारख्या नसतात त्या कोणत्या, हेंही त्याच शोधांतून कळतें. प्रस्तुत लेखांत हा शोध कसा करावा, दुरुस्ती कशी करावी आणि हात कोठें आवरावा, याचा क्रमानें विचार करावयाचा आहे.

उदाहरणाकरितां आपण एक ओळखीची गाडी घेऊं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० या गाडीचा जो नमुना तयार होऊं लागला, तोच पुढें 'पद्मिनी' या नांवानें घरोघर माहीत झाला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्यें ही गाडी अनेक वर्षें धांवली. ऑक्टोबर २०२३ मध्यें तिची तेथील शेवटची टॅक्सी सेवेंतून निघाली. तथापि खासगी मालकांनीं जतन केलेल्या पद्मिनी अद्यापि रस्त्यावर दिसतात. हिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें, चार सिलिंडरांचें, पुढील बाजूस लांबीत बसविलेलें व मागील चाकांना गति देणारें आहे. रचना साधी व हात पोंचण्याजोगी असल्यामुळें शिकणारास तें उत्तम पाठ्यपुस्तक होय.

१. तेलाचें काम

इंजिनांतील तेल केवळ भाग बुळबुळीत करण्याकरितां असतें अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः त्याचीं कामें चार आहेत. फिरणाऱ्या दांड्याच्या व बेअरिंगच्या मध्यें तें पातळ थर धरून धातूला धातू लागूं देत नाहीं. जेथें पाणी पोंचत नाहीं तेथील उष्णता तें वाहून नेतें. काजळी व धातूचे कण आपल्यांत धरून गाळणीकडे नेतें. आणि पिस्टनच्या कड्यांभोंवतीं राहून वायु खालीं निसटण्यास अडथळा करितें. इंजिनाच्या तळाशीं एक पत्र्याची कढई असते. तिला आपले मिस्त्री 'चेंबर' म्हणतात. तेथून पंप तेल उचलतो, वर पाठवितो, आणि तें पुन्हां ओघळत चेंबरमध्यें येतें. तेलाची पातळी फार खालीं गेली म्हणजे पंपाच्या तोंडीं हवा येते, दाब नाहींसा होतो, आणि थोड्याच वेळांत बेअरिंग तापून चिकटतें. त्यासच 'इंजिन जाम झालें' असें म्हणतात. ज्या दुरुस्तीस एक पॅकिंग पुरलें असतें, तिच्याऐवजीं मग सबंध इंजिन उघडावें लागतें.

२. थेंबांचा हिशेब

औषधविक्याच्या मापानें सुमारें २० थेंबांचा एक घनसेंटिमीटर होतो. उभ्या गाडींतून मिनिटास एकच थेंब पडत असेल तर दिवसाचे १,४४० थेंब, म्हणजे ७२ घनसेंटिमीटर झाले; आणि चौदा दिवसांत सुमारें एक लिटर तेल गेलें. परंतु गाडी चालू असतां तेल पातळ होतें, पंपाचा दाब असतो, आणि गळती वाढते. सेकंदास एक थेंब पडूं लागला तर तासास १८० घनसेंटिमीटर, आणि मुंबईहून पुण्यास चार तासांत पोंचेपर्यंत ७२० घनसेंटिमीटर तेल गेलेलें असेल. कित्येक गाड्यांत डिपस्टिकवरील वरच्या व खालच्या खुणांमधील अंतर सुमारें एक लिटरच असतें. निघतांना पातळी मध्यावर असलेली गाडी घाटांत कोणत्या स्थितींत असेल, हें सांगावयास नको.

दुसरा धोका आगीचा. टॅपेट कव्हरमधून ओघळणारें तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडलें म्हणजे धूर येतो, आणि प्रसंगीं पेटही घेतें. तिसरा धोका क्लचचा. त्याच्या प्लेटीस तेल लागलें कीं ती घसरूं लागते, आणि चढावर इंजिन ओरडतें पण गाडी पुढें सरकत नाहीं.

३. गळती कां होते

दोन धातूंचे भाग एकमेकांस कितीही घट्ट बसविले तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म फटी राहतातच. त्या बुजविण्यास मध्यें मऊ पदार्थ घालतात, तेंच पॅकिंग. जुन्या गाड्यांत टॅपेट कव्हरला व चेंबरला पुष्कळदां बुचाच्या लांकडाचें पॅकिंग असतें. हें बूच एका जातीच्या ओक वृक्षाची साल असून तें मुख्यत्वेंकरून पोर्तुगाल व स्पेन या देशांत निघतें. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें आपल्या १६६५ सालच्या 'मायक्रोग्राफिया' ग्रंथांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलेल्या ज्या लहान कोठड्यांना 'सेल' हें नांव दिलें, त्या या बुचांतल्याच होत. त्या कोठड्यांत हवा कोंडलेली असल्यामुळें बूच दाबलें असतां दबतें, पण बाजूस फारसें फुगत नाहीं. पॅकिंगास हाच गुण हवा असतो. परंतु वर्षानुवर्षें उष्णता लागून तें वाळतें, आक्रसतें व ठिसूळ होतें. फिरत्या दांड्याभोंवतींचें रबरी ऑइल सीलही असेंच कडक होऊन आपली पकड सोडतें.

याखेरीज दोन कारणें अशीं आहेत कीं तीं माणसानेंच उत्पन्न केलेलीं असतात. एक, गळती दिसली कीं नट आवळणें, पुन्हां दिसली कीं पुन्हां आवळणें. अति आवळल्यानें पत्र्याची कड भोंकांपाशीं दबते व दोन नटांच्या मधला भाग उचलला जातो. मग तेल अधिकच गळतें. दुसरें, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षां जास्त तेल भरणें.

आणखी एक कारण लपलेलें असतें. पिस्टनच्या कड्यांवरून थोडा वायु नेहमींच खालीं निसटतो. तो बाहेर जाण्यास ब्रीदर नांवाची नळी ठेविलेली असते. ती काजळीनें बुजली तर आंतील दाब वाढतो, आणि हा दाब सर्व सांध्यांतून तेल बाहेर ढकलतो. अशा वेळीं पॅकिंग बदलणें म्हणजे पाण्याची चूल न विझवितां उकळत्या भांड्याचें झांकण बदलण्यासारखें होय. म्हणून पहिलें काम ब्रीदरची नळी काढून स्वच्छ करण्याचें. त्यानंतर इंजिन मंद चालवून तेल भरावयाचें झांकण काढावें. किंचित् वाफ येणें स्वाभाविक आहे. परंतु भकाभका धूर येत असेल तर कडे झिजले आहेत असें समजावें. तें काम घरचें नव्हे.

४. शोध

प्रथम गळणारा पदार्थ इंजिनाचें तेलच आहे ना, हें पाहावें. रात्रीं गाडीखालीं पुठ्ठ्याचा मोठा तुकडा पसरून त्यावर चारी चाकांच्या जागा लिहून ठेवाव्या. सकाळीं डाग कोठें पडला तें दिसेल. इंजिनाचें तेल तपकिरी किंवा काळें असतें. गिअरचें तेल दाट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. रेडिएटरचें पाणी हिरवट किंवा रंगीत व चिकट नसलेलें असतें. पेट्रोल वासानेंच कळतें. चाकाच्या आंतील बाजूस पातळ, पिवळसर द्रव दिसला तर तो ब्रेकचा असण्याचा संभव आहे. मग बाकी सर्व विचार सोडून द्यावा व ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडी जागची हलवूं नये.

तेल इंजिनाचेंच ठरलें म्हणजे मुख्य नियम ध्यानांत ठेवावा: तेल खालीं वाहतें, आणि पंख्याचा व रस्त्याचा वारा तें मागें नेतो. म्हणून थेंब जेथें पडतो तेथें गळती असतेच असें नाहीं. ओल्या भागांपैकीं जो सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा, तेथें उगम शोधावा.

परंतु सर्वच इंजिन तेलानें व धुळीनें माखलेलें असेल तर कांहीं दिसणार नाहीं. म्हणून थंड इंजिन घासलेट, डिझेल किंवा बाजारांत मिळणारें धुण्याचें द्रावण यांनीं ब्रश लावून स्वच्छ करावें. पेट्रोल या कामीं कदापि वापरूं नये. डिस्ट्रिब्यूटर व कार्ब्युरेटर आधींच प्लास्टिकनें झांकावे. धुतल्यावर फडक्यानें पुसून, उघड्यावर पूर्ण वाळूं देऊन मग संशयित सांध्यांवर खडूची पूड किंवा अंगाला लावावयाची पांढरी पावडर हलकेच भुरभुरावी. ती कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं जाऊं देऊं नये. आतां वडील माणसानें गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी. इंजिन बंद करून दिव्याच्या उजेडांत पाहिलें असतां पांढऱ्या पुडींत एक काळी ओली रेघ दिसेल. त्या रेघेचें वरचें टोंक, तेंच उगमस्थान.

पाहण्याच्या जागा वरून खालीं अशा: तेल भरण्याचें झांकण, टॅपेट कव्हर, पेट्रोल पंपाची बैठक, तेलाच्या दाबाचा स्विच, गाळणीचा सांधा, पुढील टायमिंग कव्हर, चेंबरची कड, तेल सोडण्याचा बोल्ट, आणि शेवटीं इंजिन व गिअर बॉक्स यांच्यामधील जागा.

या पद्धतीचें महत्त्व दाखविणारी एक गोष्ट आमच्या परिचयांत घडली. एका वृद्ध दांपत्याकडे एक पद्मिनी होती. आठवड्यांतून दोनदां इस्पितळांत जाण्यास त्यांना तोच आधार होता. गाडीच्या मध्यभागीं, गिअर बॉक्सच्या तोंडाशीं, तेल टपकूं लागलें. एका गॅरेजांत "मागचें सील गेलें आहे, इंजिन उतरवावें लागेल" असें सांगण्यांत आलें, आणि खर्चाचा आंकडा ऐकून दोघांनीं गाडी मोडींत देण्याचें ठरविलें. त्यांची नात त्या वेळीं इयत्ता नववींत होती. तिनें आपल्या मामाच्या मदतीनें इंजिन धुऊन खडूची पूड लावली. फेरी मारून आल्यावर ओली रेघ सांपडली ती खालीं नव्हे, तर अगदीं वर, टॅपेट कव्हरच्या मागील कोपऱ्यांत. तेथून निघालेलें तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत बरोबर गिअर बॉक्सच्या तोंडाशीं येऊन टपकत होतें. एका बुचाच्या पॅकिंगानें काम भागलें. मागचें सील खराब आहे असें सांगणारानें लबाडीच केली असें म्हणण्याचें कारण नाहीं. त्यानें थेंब पाहिला, उगम पाहिला नाहीं, इतकेंच.

५. टॅपेट कव्हरचें पॅकिंग बदलणें

हें काम घरीं करण्यास सर्वांत योग्य होय, कारण त्यासाठीं गाडीखालीं जावें लागत नाहीं. क्रम असा:

(१) इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. आड येणाऱ्या तारा व नळ्या काढण्यापूर्वीं त्यांचें लहानसें चित्र वहींत काढावें.

(२) कव्हर उघडण्यापूर्वीं सभोंवारची माती ब्रशनें झाडावी, म्हणजे ती आंत पडणार नाहीं.

(३) नट थोडे थोडे, आळीपाळीनें सैल करावे आणि वाटींत ठेवावे. कव्हर चिकटलें असल्यास लांकडी मुठीनें बाजूनें ठोकावें. सांध्यांत स्क्रू-ड्रायव्हर खुपसूं नये, कारण त्यानें पडलेला चरा हीच पुढें नवी गळती होते.

(४) उघड्या भागावर स्वच्छ फडकें पसरून जुनें पॅकिंग लांकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीनें खरवडावें. एकही तुकडा आंत पडतां कामा नये.

(५) कव्हर कांचेवर किंवा सपाट फरशीवर पालथें ठेवून डुलतें कीं काय पाहावें. भोंकांपाशीं कड दबली असल्यास ती लांकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीनें सरळ करावी. हें पाऊल वगळल्यामुळेंच पुष्कळांचें नवें पॅकिंग आठ दिवसांत गळूं लागतें.

(६) दोन्ही पृष्ठें तेलाचा अंश न ठेवतां पुसावीं. नवें पॅकिंग फार दिवस पडून आक्रसलें असेल तर थोडा वेळ कोमट पाण्यांत भिजवून, पुसून घ्यावें. पॅकिंग चिकटविण्याचा पदार्थ फक्त कव्हरच्या बाजूस, अगदीं पातळ लावावा. इंजिनाची बाजू कोरडी ठेवावी, म्हणजे पुढील वेळीं कव्हर सहज निघेल.

(७) कव्हर बसवून सर्व नट आधीं बोटांनीं व नंतर लहान पान्यानें, समोरासमोरचे आळीपाळीनें, थोडे थोडे आवळावे. पॅकिंग सगळीकडे सारखें दबलें कीं थांबावें. येथें बळाचें काम नाहीं.

(८) काढलेल्या तारा व नळ्या वहींतील चित्राप्रमाणें जोडून इंजिन दहा मिनिटें चालवावें, थंड झाल्यावर नट एकदां तपासावे, आणि पुन्हां पूड लावून परीक्षा घ्यावी.

६. तांब्याचें वायसर : एक प्रयोग

चेंबरच्या तळाशीं तेल सोडण्याचा बोल्ट असतो. त्याखालीं कित्येक गाड्यांत तांब्याचें वायसर घालतात. तें एकदां दाबलें गेलें कीं कडक होतें व दुसऱ्यांदा नीट बसत नाहीं. नवें घालणें उत्तमच. परंतु नसल्यास वडील माणसानें जुनें वायसर चिमट्यांत धरून ज्योतींत लालसर होईपर्यंत तापवावें व पाण्यांत टाकावें. तें पुन्हां मऊ होतें. पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें तर कठीण होतें, मग तांबें मऊ कां? दाबल्यानें तांब्याच्या आंतील स्फटिकांची रचना विस्कटते, त्यामुळें तें कडक होतें. उष्णतेनें नवे, निर्व्यंग स्फटिक तयार होतात. येथें मऊपणा येतो तो तापविण्यानें. पाण्यानें फक्त तें लवकर थंड होतें. पोलादांत मात्र झटपट थंड करण्यानेंच कठीण रचना बनते. वायसर अल्युमिनियमचें असेल तर हा प्रयोग करूं नये. तें लाल न होतांच वितळतें.

७. हात कोठें आवरावा

टायमिंग कव्हरमधील सील, मागील सील व चेंबरचें पॅकिंग हीं कामें अनुभवी मिस्त्रीकडे सोंपवावीं. चेंबरकरितां गाडी उचलावी लागते; आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं जाऊन माणसें प्राणास मुकलीं आहेत. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, आधाराचें नव्हे. आधारास लोखंडी घोडे, खालीं सपाट व कठीण जमीन, आणि चाकांना अडण्या हव्याच. विटांची चळत दगा देते. विद्यार्थ्यांनीं तर कोणत्याही सबबीवर उचललेल्या गाडीखालीं जाऊं नये. पालकांनीं हा नियम स्वतःही पाळावा, म्हणजे तो मुलांना सांगावा लागणार नाहीं.

बंद खोलींत इंजिन चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं व तो प्राणघातक आहे. पंखा फिरत असतां ओढणी, पदर, सैल बाही व मोकळे केस दूर ठेवावे. वापरलेलें तेल कातडीस अपायकारक असल्यामुळें हातमोजे घालावे व काम झाल्यावर साबणानें हात धुवावे.

गळती थांबविणाऱ्या ज्या बाटल्या बाजारांत मिळतात त्यांतील द्रव्य कडक झालेलें रबर थोडें फुगवितें, म्हणून सील किंचित् कमी गळूं शकतें. परंतु फाटलेलें सील व वाळलेलें बूच यांवर त्याचा उपयोग नाहीं. त्याचप्रमाणें आजच्या नव्या इंजिनांकरितां केलेलें अति पातळ तेल जुन्या इंजिनांत घालूं नये. मालकाच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच घालावें.

शेवटीं, काढलेलें तेल गटारांत किंवा झाडाखालीं ओतूं नये. बेंजामिन फ्रँक्लिन यानें लंडनजवळील क्लॅपहॅमच्या तळ्यांत चमचाभर तेल ओतलें, तेव्हां तें सुमारें अर्ध्या एकरावर, म्हणजे वीस गुंठ्यांवर पसरलें, असें त्याच्या १७७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पत्रांत वर्णन आहे. इंजिनाचें तेल त्याहून निराळें असलें तरी पाण्याचा नाश करण्यास थोडेंच पुरतें. तें बंद डब्यांत भरून, जुनें तेल शुद्धीकरणास घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीं पोंचतें करावें.

तात्पर्य, गळती बंद करण्यांत पान्याचा भाग थोडा व डोळ्यांचा अधिक आहे. डाग दिसतो तेथेंच दोष आहे असें न मानतां जो त्याचा माग वरपर्यंत काढतो, त्याचा पैसा वांचतो, गाडी वांचते, आणि दुसऱ्याच्या हातीं काम द्यावयाचें झालें तरी काय सांगावें हें त्यास कळतें.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. दोन सेकंदांस एक थेंब पडत असल्यास तीन तासांच्या प्रवासांत किती तेल जाईल?
२. ब्रीदरची नळी बुजली असतां नवें पॅकिंगही कां गळतें?
३. तापवून पाण्यांत बुडविल्यानें तांबें मऊ व पोलाद कठीण कां होतें?
४. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीखालीं, मालकाच्या परवानगीनें, एक रात्र पुठ्ठा पसरून त्यावरील डागांची नोंद करा व ते कशाचे आहेत तें सकारण लिहा.